भोकाचे चार पैसे

निपाणी, ९ फेब्रुवारी १९८१

ती. भावकूमामांना परशरामचा नमस्कार.

आईनं बजावलंय, आधी मामीची नि पोरांची खुशाली विचार, मग आपलं घोडं दामट. तर खुशाली विचारली. आता घोडं दामटतो.

मामा, मी आबांचं मशीन विकत घेतलं.

बेळगावला बेअरिंग आणायला गेलो होतो. हिंडलग्याच्या वाटेवरचा टेकडीचा क्लब, जिथं आबा गवत कापायची गाडी चालवायचे आणि तुम्ही फिटर होता, तो चौऱ्याहत्तर सालापासून कुलूपबंद आहे. त्याच्या सामानाचा लिलाव चालला होता. खुर्च्या, टेबलं, हरणाची शिंगं, आणि कोपऱ्यात ही गाडी. चार चाकं, मध्ये शीट, पोटाखाली पाती. आपल्या भिंतीवरच्या फोटोत आबा टोपी घालून बसलेत तीच. मला काही दुसरं सुचलंच नाही. टेम्पोत घालून निपाणीला आणली आणि वर्कशॉपात उभी केली.

आईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकलाय, तिला दिसत नाही. पण हात लावायच्या आधीच म्हणाली, "शिटाची डावी कड दबल्याली आसंल बघ. तुझा बा डाव्या अंगावर रेलून बसायचा." मामा, कड दबलेली आहे.

तिचं काळीज अशक्त झालंय, डॉक्टरनं वखारीतलं तंबाखूचं काम बंद करायला सांगितलंय. तिचं एकच मागणं आहे, "एकदा त्या गाडीचा आवाज ऐकीव." म्हणून लिहितोय. इंजिन जाम आहे. कोल्हापूरचा दुकानदार म्हणतो, इंजिनाचा नंबर आणि साल आणा, त्याशिवाय सुटा भाग मागणं म्हणजे नाव न सांगता सोयरीक जमवणं. आणि नंबर काही दिसत नाही. वरच्या पत्र्यावर असावा असं वाटतं, पण तिथं तेलात कालवलेल्या कुंकवाचं जाड पुट बसलंय. खंडेनवमीच्या पूजेचं असणार. नवल म्हणजे वरचं कुंकू अजून बोटाला लागतं.

तुम्ही ते इंजिन उघडलेलं, जोडलेलं. कुठलं ते? कुठल्या सालचं? लगेच कळवा.

तुमचा परशराम


लोंढा, २१ फेब्रुवारी १९८१

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. शेंगा फोडायचं यंत्र घेतलं असतंस तर चार लोक दारात आले असते. निपाणीत गवत कुठं आहे रे, तू कापणार काय, तंबाखू? पण तू आपल्या बापावर गेलायस. त्यालाही एकदा मनात आलं की ब्रह्मदेव आडवा आला तरी ऐकायचा नाही.

ते मशीन क्लबाच्या साहेबानं एकोणसाठ साली बोटीनं मागवलं. इंजिन अमेरिकेचं. नंबर तू म्हणतोस तिथंच, वरच्या पत्र्यावर ठोकलेला. तीन आकडे असतात. पहिला जातीचा, दुसरा पोटजातीचा, तिसरा जन्माचा. जन्माच्या आकड्यातले पहिले दोन म्हणजे साल, पुढचे दोन महिना, शेवटचे दोन तारीख. आपल्या जोशाची पत्रिका चुकेल, ती चुकायची नाही. घासलेट लावून पूस, आणि आकडे उठेनात तर वर कागद धरून पेन्सिल घास. साल अठ्ठावन्न निघेल. आता तूच सांग, अठ्ठावन्न सालचे भाग कोल्हापुरात काय, अमेरिकेत तरी मिळतील का? शिवाय त्याचा ब्लॉक खालून चिरलेला आहे. भंगारात दे आणि मोकळा हो.

मशीन आपलंच का अशी शंका असेल तर इंजिनाखालचे चार बोल्ट खोल. दाजीला बाजारातला वायसर चालत नसे. जुना भोकाचा पैसा घालायचा, इंग्रजांच्या वेळचा तांब्याचा. त्याला कुंकवाचं बोट लावायचं आणि मग बोल्ट आवळायचा. अख्ख्या बेळगावात असं करणारा तो एकटा. मी चेष्टा करायचो, दाजी, हे इंजिन आहे, नवरी नव्हे.

आक्काला सांभाळ. जुन्या गोष्टी काढून तिला रडवू नकोस. सहासष्टच्या आषाढात दाजी माझ्याबरोबर रेल्वेत भरती व्हायला लोंढ्याला आला आणि पटकीनं दोन दिवसांत गेला. भर पावसात मी एकट्यानं अग्नी दिला. जे माझ्या हातून झालं ते झालं. त्यावर आता पंधरा पावसाळे गेले.

तुझा मामा, भावकू


निपाणी, १५ मार्च १९८१

ती. मामांना नमस्कार.

सोबत कागद जोडलाय. पेन्सिल घासून आकडा उठवलाय, तुम्ही सांगितलंत तसाच. वाचा.

६८०९११.

अडुसष्ट साल, सप्टेंबर महिना, अकरा तारीख. माझी चूक होत असेल म्हणून कोल्हापूरच्या दुकानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, अडुसष्टचंच, अठ्ठावन्नचं इंजिन याहून लहान. ब्लॉक खालून-वरून पाहिला. चीर नाही.

मग मी बोल्ट खोलले. मामा, चारही बोल्टांखाली भोकाचे पैसे आहेत. चारींवर कुंकू.

सहासष्टात तुम्ही ज्यांना अग्नी दिलात त्यांनी अडुसष्टात जन्मलेलं इंजिन कसं बसवलं?

आणखी एक सांगायचं राहिलं. आकड्यावरचं कुंकू मी पातळ पात्यानं काढलं, तर ते पापुद्र्यापापुद्र्यानं निघालं. एक पुट, वर धुळीचा थर, त्यावर दुसरं पुट. प्रत्येक पुटावर एकाच बोटाचा उभा फराटा. मोजली तर बारा भरली. इंजिन बोटीनं येऊन एकोणसत्तरला बसलं असं धरलं तर गेल्या दसऱ्यापर्यंत बरोबर बारा खंडेनवम्या होतात. क्लबाला कुलूप लागून तर सात वर्षं झाली.

याचा एकच अर्थ निघतो. आबा जिवंत आहेत. तुम्ही पटकीच्या गर्दीत दुसऱ्याच कुणाला अग्नी दिलात. तुमचा दोष नाही मामा, पावसात, अंधाऱ्या दिवसांत माणूस चुकतो.

मी आईला सांगितलं. ती भिंतीला हात लावत उठली, फडताळातून कुंकवाचा करंडा काढला. पंधरा वर्षांत तो तिनं टाकून दिला नव्हता हे मला माहीत नव्हतं. शेजारीण दारात उभी होती, ती म्हणाली, "मालुबाई, काय करतीस गं ह्ये? लोकं काय म्हनत्याल?" आईनं बोट कपाळाला लावलं. न बघता लावलं, पण अगदी मधोमध बसलं.

आनंदात आहे, मामा. तुम्ही या. आपण दोघं मिळून आबांना शोधू.

परशराम


लोंढा, २४ मार्च १९८१

परशराम,

आधी आक्काचं कपाळ पूस. हे तुला मामा म्हणून सांगतोय.

भोकाचे पैसे काय एकट्या दाजीच्या बापाची टांकसाळ होती? क्लबाचा रखवालदार मष्णू सगळं बघायचा, त्यानं घातले असतील. चीर पडल्याचं मी लिहिलं ती माझ्या आठवणीची चूक. रेल्वेच्या शेडात रोज दहा इंजिनं बघतो, एकाची चीर दुसऱ्याला लागते.

मी अग्नी दिलाय. गाडलेली मढी उकरू नकोस. कुंकू होतं तिथं परत लाव आणि मशीन भंगारात दे. तुझं डोकं थंड झालं की तुलाच पटेल.

भावकू


निपाणी, ३ मे १९८१

ती. मामा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच तुमचं पत्र तिच्यापासून लपवलं.

मी मष्णूला भेटून आलो. हिंडलग्यात राहतो, पाठीत वाकलाय, पण डोकं ताजं आहे. आबांचं नाव घेऊन मी गुंडूचा पोरगा म्हटल्यावर त्यानं चहा सांगितला आणि कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत बसला. त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो.

"आषाढ व्हता. दुपार टळल्यावर बघतोय तर गाडी खाणीच्या काठावर आडाकल्याली. त्या जुन्या दगडाच्या खाणीत पाणी लई खोल. निम्मी गाडी भायेर, निम्मी आत. इंजान फुटल्यालं. गुंडू न्हाय. भावकू सायबाला म्हनला, गाडी मोडली म्हून भ्याला आनि पळाला. तीन वर्सं गाडी शेडात पडली. मग म्हमईस्नं खोक्यात नवं इंजान आलं. बसवायला येनारा कोन न्हाय. खोकं तसंच ठेवलं नि कुलूप घातलं. दसऱ्याच्या आदल्या दिशी, भर दुपारचं, कुलूप काढून बघतोय तर इंजान बसल्यालं! सायबानं इनाम लावलं. कोन फुडं आलं न्हाय."

मामा, साहेबाला तुम्ही सांगितलंत पळाला. आम्हाला सांगितलंत पटकीनं गेला. यातलं खरं कुठलं?

त्यानं मला मैदान दाखवलं. सगळीकडे कमरेएवढं वाळलेलं गवत, आणि शेडापासून खाणीपर्यंत एक सरळ पट्टा. रुंदी गाडीच्या पात्याएवढी. मी पावलांनी मोजली. मष्णू म्हणाला, "हितं गवात वाढतच न्हाय. वर्साला एकदा खंडेनवमीला आवाज येतोय. आम्ही तवा तिकडं बगत न्हाय." मग खिशातून चंची काढून तंबाखू चोळत बसला.

मी भुतंखेतं मानणारा नाही. इंजिनाचं पोट फाडून बघणाऱ्याला ते परवडत नाही. पण खरं सांगतो, गेले पंधरा दिवस वर्कशॉपात नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. निपाणीचा उन्हाळा, चहूबाजूंनी तंबाखूच्या वखारी, इथं नाकाला दुसरा वास माहीत नाही. काल दुपारी गाडी तिरपी करून बघितली. पात्याला हिरवं गवत चिकटलेलं. ओलं. इंजिन अजून सुरूसुद्धा झालेलं नाही, त्याचा प्लग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आई रोज दोन ताटं वाढते. जोंधळ्याची गरम भाकरी समोरच्या ताटात ठेवते आणि ती निवेपर्यंत जेवत नाही. मला ते बघवत नाही. आबा असतील तर कुठं आहेत ते सांगा, नसतील तर तेही सांगा. तिच्याजवळ फार दिवस नाहीत.

ज्याला अग्नी दिलात त्याचं तोंड पाहिलं होतं का?

परशराम


(पोस्टकार्ड)
निपाणी, २० जून १९८१

मामा, दीड महिना झाला. उत्तर नाही. मामीला विचारून घ्यायची वेळ आणू नका. परशराम.


लोंढा, २ ऑगस्ट १९८१

परशराम,

चार पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. तुझी मामी, बाळा, विचारते, कुणाला एवढं लिहिताय? तिला म्हटलं, खात्याचा अर्ज आहे. खोटं बोलायची सवय लागली की घरातल्या माणसाशीही तेच येतं तोंडात.

दाजी पळाला नाही. पटकीनंही गेला नाही. मी कुणालाही अग्नी दिला नाही.

त्या दिवशी सकाळी दहाच्या रेल्वेनं मला लोंढ्याला भरतीसाठी जायचं होतं. मशीनच्या ब्रेकची पिन झिजली होती. मी ती काढली, नवी घालायची म्हणून. स्टोअरवाला आला नव्हता. दाजी म्हणाला, "आरं, पाऊस थांबलाय तवर खालचा उतार कापून टाकतो. ब्रेक झाला का?" मला रेल्वे चुकायची भीती. मी म्हटलं, "व्हय दाजी, केलाय, जावा तुमी." दोन शब्द रे परशराम. पिन माझ्या खिशात होती.

देसूरला रेल्वे थांबली तेव्हा विडी काढायला खिशात हात घातला आणि पिन हाताला लागली. तिथंच उतरलो आणि उलटा पळत सुटलो. पोचलो तेव्हा मैदानात चिटपाखरू नव्हतं. गाडी काठावर अडकलेली. शीट रिकामं. पाण्यावर त्याची टोपी हळूहळू फिरत होती. मी बघत होतो तोवर ती बुडाली.

मी खरं सांगितलं असतं तर पोलीस आले असते, पंचनामा झाला असता, ब्रेक बघितला असता. माझी नोकरी गेली असती आणि मीही. म्हणून साहेबाला एक सांगितलं, आक्काला दुसरं. साहेब निपाणीला जाणार नव्हता आणि आक्का बेळगावला येणार नव्हती. तिला वाचता येत नाही. मी जे लिहीन ते मास्तर वाचेल आणि ती ऐकेल. तिनं तुझ्या बापाच्या नावानं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, दहावं केलं. तो मात्र त्या काळ्या पाण्यात तसाच पडलाय, कुणी पाण्याची ओंजळसुद्धा न देता.

इंजिन कुणी बसवलं ते मला ठाऊक नाही. मी सहासष्टनंतर त्या टेकडीकडे तोंड केलेलं नाही. तुझा कागद आला त्या दिवसापासून झोप गेली. आकडे बघून मी स्वतःच तुला शिकवलेल्या रीतीनं साल वाचलं आणि हातातला पेला खाली ठेवला.

पिन अजून माझ्याजवळ आहे. चुन्याच्या जुन्या डबीत.

तुला काय सांगू? मार्चमध्ये लिहिलं होतं आक्काचं कपाळ पूस. आता वाटतं, राहू दे. लागलंय ते लागू दे, जाईल तशीच सवाष्ण म्हणून. हे पत्र फाडून टाक.

भावकू


निपाणी, ३० ऑगस्ट १९८१

भावकूमामा,

ती. लिहायला हात होत नाही. माझी चीड अजून गेलेली नाही, जाणारही नाही. दहा वर्षांचा होतो मी. तुम्ही दसऱ्याला खाऊ घेऊन यायचात आणि मी तुमच्या मांडीवर बसायचो. तेव्हाही ती डबी तुमच्या घरात होती.

पत्र फाडलं नाही. आईला वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. एकदा तुम्ही तिला खोटं ऐकवलंत, आता मी गप्प राहून दुसऱ्यांदा ऐकवू का?

तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, तिचं काळीज बंद पडतंय. मग म्हणाली, "दोन शब्दापायी व्हय रं. माजा भाऊ लानपनापासनंच घाईचा." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यो हाय तितं थंड पानी आसंल. त्यास्नी पडसं लवकर व्हायचं."

मग रडली. मीही रडलो.

आता ऐका. ती कुंकू अजून पुसत नाही. तिचं म्हणणं असं, "भावकूच्या सांगन्यावरनं एकदा पुसलं. आता त्यानं हितं येऊन पिन बसवावी, आपल्या हातानं. अर्धं ठेवल्यालं काम पुरं करावं. गाडीची पूजा करावी. मग मी माझ्या हातानं पुसते." खंडेनवमीला मी गाडी टेम्पोत घालून क्लबाच्या मैदानावर आणतो. तिथंच खाणीवर नारळ देऊन आबांचं जे करायचं ते करू. मष्णू फाटक उघडेल.

भिऊ नका. टाकीत पेट्रोल ठेवणार नाही आणि प्लग माझ्या खिशात असेल.

परशराम


लोंढा, २२ सप्टेंबर १९८१

चि. परशराम,

येतो. आक्काला सांग, या खेपेला खरंच सांगतोय, येतो.

बाळाला मी अजून काही बोललो नाही. आल्यावर बोलेन.

एक गोष्ट फक्त तुला लिहितो. ती पिन पंधरा वर्षांत गंजून लाल झाली होती, झिजून अर्धी उरली होती. आज डबी उघडली तर लख्ख आहे. नव्यासारखी. वर ताजं तेल लावलेलं.

भावकू


निपाणी, १४ ऑक्टोबर १९८१

ती. बाळामामींना परशरामचा नमस्कार.

मामी, तुम्हांला वाचता येतं हे फार बरं आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू नका. सोबत मामांची सगळी पत्रं आणि माझ्या पत्रांच्या नकला पाठवतोय. आधी त्या वाचा आणि मग हे. तार केली होती त्यात एवढंच होतं की मामा सापडत नाहीत. आता जसं घडलं तसं लिहितो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहीन, त्याच्या बाहेर एक अक्षर नाही.

खंडेनवमीला दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही मैदानावर होतो. लख्ख ऊन होतं. मी, आई, मष्णू आणि मामा. मामा आल्याआल्या आईच्या पायांवर डोकं ठेवून खूप वेळ पडून राहिले. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ऊठ. काम कर जा."

गाडी शेडापुढं उभी होती. मामांनी गुडघे टेकून पिन घातली, पक्कडीनं तिचे पाय फाकवले, दोनदा ओढून बघितली.  मला म्हणाले, "परशा, बसून बघतो रं एकदा. ब्रेक दाबल्याबिगर कळायचं न्हाय." फिटरची रीतच आहे ती. मी हो म्हटलं. मामी, हे माझ्या हातून झालं, हे लपवणार नाही.

ते शिटावर बसले. डाव्या अंगावर रेलून बसले. मामा कधी तसे बसत नाहीत.

इंजिन सुरू झालं. टाकी कोरडी होती. प्लग माझ्या खिशात होता, आत्ताही माझ्यासमोर टेबलावर आहे. आई ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "त्योच आवाज." तिच्या तोंडावर जे होतं ते मला लिहिता येत नाही. ते भय नव्हतं.

गाडी त्या पट्ट्यावरून खाणीकडे निघाली. माणूस चालेल तेवढ्याच गतीनं. मी बाजूनं पळत होतो, शिटाची पाठ धरून ओढत होतो. लोखंड विहिरीतून काढलेल्या घागरीसारखं गार होतं. मी ओरडलो, "मामा, उडी मारा!" उडी मारण्याइतका वेळ होता, दहादा मारता आली असती. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते दुसऱ्या बाजूला बघत होते, जिथं कुणी नव्हतं. आणि रोजच्या बोलण्यातल्यासारखं म्हणाले, "व्हय दाजी. ह्या टायमाला खरंच केलाय."

पुढं उतारावर गवत उंच आहे. माझा पाय दगडाला अडखळला आणि मी पडलो. उठायला तीन श्वास लागले असतील. उठलो तेव्हा आवाज थांबला होता. गाडी खाणीच्या अगदी काठावर उभी होती. पुढची चाकं काठापासून वीतभर मागं. ब्रेकचं पायडल खाली दाबलेलं. शीट रिकामं.

पाणी हललेलं नव्हतं, मामी. मी वाकून बघितलं. पाण्यावर पडलेली वाळकी पानं जागच्या जागी होती.

मी पोलिसांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, किती विश्वास ठेवला ते त्यांचं त्यांना माहीत. भोई आणून दोन दिवस बुड्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी कपारीतून हाडं निघाली. जुनी, एका माणसाची. कमरेच्या चामडी पट्ट्याला बांधलेल्या पिशवीत भोकाचे पैसे होते. आबा सापडले. मामांचं काही सापडलं नाही. चपलासुद्धा नाहीत.

पोलिसांनी परवानगी दिल्यावर आबांना मी तिथंच काठावर अग्नी दिला. आईनं चितेकडे तोंड करून पदरानं आपलं कुंकू पुसलं. कुणी सांगितलं नाही, कुणी हात धरला नाही. घरी आल्यावर तिनं एकच ताट वाढलं आणि पोटभर जेवली. आता शांत झोपते.

मी मशीन परत शेडात ठेवलं आणि कुलूप मष्णूच्या हातानं घातलं. निघताना आकड्याकडे लक्ष गेलं. पूजा झालीच नव्हती, हळदकुंकवाचं ताट तसंच होतं. पण अडुसष्टच्या त्या आकड्यावर ओलं कुंकू होतं. तेरावं पुट. आधीच्या बाराही पुटांवर एका बोटाचा फराटा होता. यावर दोन बोटांचा आहे, शेजारी शेजारी.

मामी, लोक तुम्हांला विचारतील. भटजी विचारतील, जावा-नणंदा विचारतील. कपाळाचं काय करायचं ते मी सांगणार नाही. मामा गेले असं मी लिहिणार नाही, कारण मी अग्नी दिलेला नाही. येतील असंही लिहिणार नाही. माझ्या आईला एका पत्रानं एकदा सगळं ठरवून दिलं होतं, ते पत्र मी तुम्हांला लिहू शकत नाही. तुम्ही रडा, मला शिव्या द्या, इथं या. आई म्हणते, बाळाला म्हणावं, माझ्या शेजारी येऊन राहा.

फक्त एक खात्रीनं सांगतो. मी ब्रेक पुन्हा पाहिला. पिन घट्ट आहे, तिचे पाय नीट फाकवलेले आहेत, आणि ब्रेक लागला. मामांनी काम चोख केलं. हे तुम्हांला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुमचा परशराम